झिरो सरांचा लाल टिपका

१२ नोव्हेंबर, बुधवार. आजचं काम म्हणजे खिडकीजवळचं टेबल रिकामं करणं. नवीन सोल्डरिंगचं यंत्र शनिवारी येणार आहे आणि प्लगजवळ तेवढी एकच जागा उरली आहे. टेबल दोन वर्षं सरांचं होतं. सर सप्टेंबरमध्ये गेले. त्यानंतर तिथे कोणी बसलं नाही, पण ते काही ठरवून झालेलं नाही. कामाच्या गडबडीत राहून गेलं.

ड्रॉवरमध्ये निघालं ते असं: सरळ केलेल्या तीन पेपर-क्लिपा, दांडीला चिकटपट्टी गुंडाळलेलं भिंग, पिवळा मल्टीमीटर, नेलपॉलिशची वाळून खडा झालेली बाटली आणि दोनशे पानी वही. वही बाजूला ठेवली आणि बाकीचं खोक्यात भरलं. भरता भरता नेलपॉलिशची बाटली परत बाहेर काढली, कारण ती कचऱ्यात टाकायची होती. ती अजून टेबलावरच आहे.

सरांना झिरो हे उत्तर चालत नसे. तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत ते निदेशक होते. आम्ही विद्यार्थी मीटर लावायचो आणि काटा डावीकडे टेकलेला दिसला की वहीत शून्य लिहून मोकळे व्हायचो. सर मागून यायचे, वहीवर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "किती झिरो?"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा आमचा सगळा गट हसला. सर हसले नाहीत. त्यांनी मीटरची पट्टी बदलायला लावली. शून्याच्या जागी ०.०८ निघालं. "भूक नाई म्हनते ना मानूस," सर म्हणाले, "तवा बी ताटावर बसवलं त दोन पोळ्या जातेच. तसा असते झिरो. मोजल्याबिगर लिहाचा नाई." त्या दिवसापासून ते आमचे झिरो सर झाले. त्यांना हे नाव माहीत होतं. एकदा फळ्यावर कोणीतरी मोठं शून्य काढून ठेवलं, तर त्यांनी ते न पुसता त्याच्या आत त्या दिवसाचा धडा लिहिला.

सर बार्शीटाकळीचे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेन आणि एक पेपर-क्लिप. क्लिप कागदासाठी नसायची. ती सरळ करून तिचं एक टोक सर्किटच्या तारेला लावायचं, दुसरं जमिनीच्या तारेला, म्हणजे ती तार मुद्दाम खाली खेचायची आणि मग पलीकडे काय होतं ते मीटरवर पाहायचं. ज्या कामाला लोक महागडं यंत्र मागवतात त्यातलं निम्मं काम ते क्लिपवर भागवत. क्लिप हरवली की मात्र अख्खी प्रयोगशाळा शोधायला लावत.

आमच्या वर्गात आम्ही तीन मुली होतो. सोल्डरिंगची पहिली पाळी सरांनी आम्हाला दिली. पोळी उलटवणारा हात चिमटा बरोबर धरतो, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना सांगितलं की मला पोळ्या येत नाहीत. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "मंग दोनी शिक," म्हणाले. सोल्डरिंग शिकले. दुसऱ्याबद्दल घरच्यांची तक्रार अजून आहे.

निवृत्त झाल्यावर सरांनी अकोल्याला घर केलं आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत रविवारचा वर्ग सुरू केला. जुने विद्यार्थी यायचे, आपापल्या धंद्यातल्या अडचणी घेऊन. मी तोवर अमरावतीत औद्योगिक वसाहतीत वर्कशॉप काढलं होतं. थंड खोल्या, गोदामं, कापसाच्या जिनिंग गिरण्या यांचं तापमान आणि दमटपणा दाखवणारे बोर्ड आम्ही बनवतो. सुधाकर माझ्याच बॅचचा. तो अकोल्याला हेच काम करतो, फक्त तो सेन्सरचे डबे बनवतो. आम्ही दोघं एकमेकांचे चांगले स्पर्धक होतो, म्हणजे एकमेकांच्या मालात खोट काढत असू आणि रविवारी एकाच सतरंजीवर बसत असू.

त्याच वर्गात सरांनी आम्हाला बफर शिकवला. तो इथे थोडा सांगावा लागेल.

आमच्या बोर्डांवर सगळे भाग दोन तारांवर बोलतात. तार एरवी वर असते, तीन-साडेतीन व्होल्टला. ज्याला बोलायचं असेल तो तिला खाली खेचतो, झिरोकडे. लांब केबल असली की मध्ये बफर नावाची चिप बसवतात. इकडे कोणी तार खाली खेचली की बफर पलीकडची तार खेचतो, आणि पलीकडे खेचली की इकडची. आता धोका असा की बफरने स्वतः खेचलेली तार पाहून त्यालाच वाटावं, पलीकडून कोणी बोलतंय. मग तो इकडची तार धरून ठेवणार आणि दोन्ही बाजू कायमच्या खाली अडकणार. म्हणून त्याची एक बाजू जरा वेगळी केलेली असते. त्या बाजूला तो तार पूर्ण खाली नेत नाही, अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर थांबवतो. आणि त्याहूनही खाली कोणी नेली, तरच दुसरं कोणी बोललं असं धरतो.

सरांनी हे एका वाक्यात सांगितलं होतं. "आपला खोकला आपल्याले ओळखू आला पायजे. नाई त मानूस सोताच खोकलीन आन् सोताच इचारीन, कोन हाय?"

आणि मग त्यांनी नियम दिला. घरच्या चिपला स्वच्छ झिरो द्यायचा. उचललेल्या झिरोची, म्हणजे अर्ध्या व्होल्टवर थांबणारी बाजू बाहेर, केबलकडे. आम्ही तो वहीत लिहून घेतला आणि पुढे दहा वर्षं पाळला. सरांच्या रविवारच्या वर्गातून गेलेला एकही माणूस बफर उलटा बसवत नसे. बोर्ड उघडून पाहिला की कळायचं, हा आपल्यातला.

दोन वर्षांपूर्वी वरूडच्या एका संत्र्याच्या पॅकिंग हाऊसने थंड खोल्यांचं काम काढलं. मुख्य बोर्ड माझे, सेन्सरचे डबे सुधाकरचे. मालकाने दोघांना वेगवेगळं विचारलं होतं आणि दोघांचा माल एकत्र पहिल्यांदाच बसणार होता. मी माझे सगळे बोर्ड वर्कशॉपमध्ये तपासून पाठवले. सुधाकरनेही त्याचे डबे तपासले. वरूडला केबल जोडली तर एकाही खोलीचं तापमान येईना. बोर्डावर नुसत्या आडव्या रेघा.

चौथ्या दिवशी फळ यायचं होतं. मालक तापट नव्हता, पण स्पष्ट होता. खोल्या चालू नाही झाल्या तर तो नागपूरहून माणसं बोलावणार आणि आमच्या दोघांचाही माल काढून ठेवणार होता. वरूडला एकाचा माल काढला की ते मोर्शीपर्यंत सगळ्यांना कळतं. माझ्याकडे तेव्हा चार बायका कामाला होत्या आणि वर्षभराचं निम्मं काम त्याच भागातून यायचं.

सुधाकर म्हणाला, खोट माझ्या बोर्डात आहे. मी म्हणाले, त्याच्या डब्यात. त्याने त्याचा डबा साध्या तपासणी यंत्राला लावून दाखवला, तापमान आलं. मी माझ्या बोर्डाला साधा सेन्सर लावून दाखवला, तापमान आलं. दोघांचं खरं निघालं आणि काम तसंच बंद. दुपारपर्यंत आमचं बोलणं मालकाच्या मुनीममार्फत चालू झालं. तो मधल्या खोक्यावर बसून संत्री सोलत होता आणि एकाचं म्हणणं दुसऱ्याला सांगत होता, दहा फुटांवरून.

शेवटी सरांना फोन मीच केला. ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने निघून दुपारी पोचले. पाणी प्यायले आणि कोणाचंही ऐकून घेतलं नाही. खिशातून क्लिप काढली. माझ्या बोर्डावर चिपच्या बाजूची तार क्लिपने खाली टेकवली आणि मला केबलवर मोजायला लावलं.

मी म्हणाले, "आला, सर. खाली आला."

"किती?"

०.५६ होता. मग त्यांनी मला सुधाकरच्या डब्याच्या आतल्या बाजूला मोजायला लावलं. तिथे तार वरच होती, जागची हलली नव्हती. त्याच्या बफरला माझं बोलणं बोलणं वाटतच नव्हतं. त्याला अर्ध्या व्होल्टच्या खालचा झिरो हवा होता. सरांनी क्लिप सुधाकरच्या बाजूला लावली. तिकडून केबलवर ०.५७, आणि माझ्या चिपकडे काही नाही. दोघंही आपापल्या परीने तार खाली खेचत होतो, पण दोघांच्याही बाहेरच्या बाजू उचललेल्या झिरोच्या होत्या. नियमाप्रमाणे.

सुधाकर माझ्याकडे बोट करून म्हणाला की छायाने चूक केली. मी काही म्हणायच्या आत सर म्हणाले, "तिची नाई. तुयी बी नाई. मी अर्धंच शिकवलं तुमाले. बाहेर लावा म्हनलं. समोरच्यानं बी बाहेरच लावलं असीन त काय, ते नाई सांगतलं. मले वाटलं नाई, माये पोट्टे एकमेकाले जोडतीन म्हून."

मग कोणाचं उलटवायचं हा प्रश्न आला. मी सांगितलं, माझे बोर्ड भिंतीत बसलेत. सुधाकर म्हणाला, माझे डबे अठरा आहेत. सरांनी वाद होऊ दिला नाही. माझी चिप कमी व्होल्टची, तिला उचललेला झिरो चालला नसता. सुधाकरच्या सेन्सरना चालत होता. म्हणून डबे उलटवायचे. सुधाकरचं तोंड उतरलं. सरांनी क्रेट उलटा घातला, त्यावर बसले आणि पहिला डबा स्वतः उघडला. चष्म्यावर भिंग धरून केसासारख्या तारा लावायला त्यांना तासभर लागला. नंतरचे सतरा मी आणि सुधाकरने केले. बोलायची गरज पडत होती, म्हणून मुनीमाला सुट्टी मिळाली. फळ आलं तेव्हा खोल्या चालू होत्या.

कोणीही तिथेच थांबलं असतं. सर थांबले नाहीत. त्यांनी ही वही घेतली आणि रविवारच्या वर्गातून गेलेल्या प्रत्येकाला फोन केला. तू बोर्ड कुठे कुठे लावलेस, सांग. लोकांनी सांगितलं की सगळे चालू आहेत. सरांनी तरी गावांची नावं लिहून घेतली. एक्केचाळीस जागा निघाल्या. मग ते एस.टी.ने एकेका ठिकाणी जायला लागले. जिथे दोन उचललेल्या बाजू समोरासमोर येऊ शकतील तिथे ते केबलच्या खाचेजवळ लाल टिपका लावायचे, म्हणजे ही बाजू उचललेली. नियम आता पुरा झाला होता: टिपक्याला टिपका जोडायचा नाही. एवढं चिप न कळणाऱ्या इलेक्ट्रिशियनलाही कळतं.

टिपक्याला नेलपॉलिशच हवं, ते उन्हात उडत नाही, हा त्यांचा अनुभव. सरांची बायको, आमच्या काकू, जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. अमरावतीच्या दुकानात ते लाल रंगांच्या बाटल्या उजेडात धरून पाहत होते, तर दुकानदारीण म्हणाली, "बाबाजी, कोन्या बाईसाठी पाह्यजे ते सांगा, मंग रंग सांगतो." सर म्हणाले, "बाई नाई. खाच हाय, इतलीशी." हे त्यांनी मला हसत सांगितलं नाही, तक्रार म्हणून सांगितलं. तिने चुकीचा रंग दिला होता, गुलाबी.

या कामासाठी सरांनी माझ्याकडे टेबल मागितलं, मी दिलं. आठवड्यातले दोन दिवस यायचे. उलटवायचे बोर्ड इथे आणायचे. माझ्याकडच्या बायकांना मीटर धरायला त्यांनी शिकवलं. जेवायच्या सुट्टीत त्या त्यांना ठेचा द्यायच्या आणि तिखट किती झालं ते विचारायच्या, कारण सर 'बरा झाला' म्हणायचे नाहीत, काल होता त्याहून किती जास्त ते सांगायचे. गेल्या उन्हाळ्यात त्यांची नजर कमी व्हायला लागली. टिपका खाचेच्या बाजूला पडायला लागला. तेव्हा एकच जागा उरली होती, बाळापूरची एक जिनिंग. रुईच्या गाठींचं गोदाम. तिथला बोर्ड माझा होता.

सरांनी मला जायला सांगितलं. मी म्हणाले, तिथे एकच बोर्ड आहे, समोर बफरच नाही, पाच वर्षं चालू आहे.

"चालू हाय म्हून त जा लागते," सर म्हणाले. "बंद पडलं का कोनी बी जाते."

मी जाईन म्हणाले. मग वरूडचा हंगाम आला, मग एक मोठं काम आलं, मग पाऊस. त्यांनी परत विचारलं, मी परत जाईन म्हणाले. यात दुष्टपणा नव्हता. मला खरंच वाटत होतं की हे काम थांबू शकतं. सर सप्टेंबरमध्ये बार्शीटाकळीला पुतण्याकडे गेले असताना झोपेत गेले. जलदान विधीला मी गेले. सुधाकर होता. वंदना झाल्यावर आम्ही दोघं मांडवाच्या कडेला उभे राहिलो. तो म्हणाला की आता तो सगळ्या डब्यांवर टिपका छापूनच देतो. मी म्हणाले, बरं करतोस. एवढंच बोललो.

आज वही उघडली. प्रत्येक ओळीला गाव, बोर्ड कोणाचा, मोजलेला झिरो आणि बरोबरची खूण. ०.५४, ०.५७, ०.५५, अशा चाळीस ओळी. एकाही जागी नुसतं शून्य नाही. एक्केचाळिसावी ओळ बाळापूर. आकड्याची जागा कोरी. तिच्यासमोर शेवटी शेवटी वाकड्या झालेल्या अक्षरात लिहिलं होतं: छायाला सांगितले. त्याखाली परत, छायाला सांगितले. त्याखाली तिसऱ्यांदा. बाकी काही नाही.

मी वही मिटली, टेबल पुसलं आणि घरी जाताना नेलपॉलिश घेतलं. लाल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. वही, सरांची एक क्लिप आणि मीटर पिशवीत घालून सकाळी साडेपाचच्या गाडीने अकोला आणि तिथून बाळापूर. जिनिंग सुरू झालेली, आवारात कापसाच्या गाड्या लागलेल्या. गोदाम सांभाळणारे एक चाचा होते. साठीच्या पुढचे, गुडघ्याला पट्टा बांधलेला, हातात काचेचा थर्मामीटर. मी कोण ते सांगितलं तर म्हणाले, बरं झालं आल्या, तो नवा डबा खराब निघाला. मी विचारलं, कोणता नवा डबा.

गोदाम मागे वाढवलं होतं. नव्या भागासाठी दिवाळीआधी अकोल्याहून सेन्सरचा डबा आणला, सुधाकरचा. जिनिंगच्या इलेक्ट्रिशियनने लावण्याआधी नीट पाहिलं होतं. डब्यावर लाल टिपका होता, माझ्या जुन्या बोर्डावर नव्हता. टिपक्याला टिपका येत नव्हता, म्हणून त्याने बिनधास्त जोडलं. नव्या भागाचं तापमान एकदाही आलं नाही. गाठी आतून तापतात, आगीची भीती. म्हणून तीन आठवडे चाचा दिवसातून चार वेळा थर्मामीटर घेऊन गाठींवर चढत होते.

मी क्लिप काढली. जुन्या बोर्डावर तार खाली टेकवली, केबलवर मोजलं. ०.५६. मग गोदामाच्या पायरीवर बसून डबा उघडला आणि उलटवला. मला पाऊण तास लागला. जोडल्यावर नव्या भागाचं तापमान आलं. एकतीस. डब्यावरचा छापील टिपका खरवडून काढला, आणि माझ्या बोर्डावर, गेल्या उन्हाळ्यातच लागायला हवा होता तिथे, लाल टिपका लावला. तो वाळेपर्यंत वहीत एक्केचाळिसाव्या ओळीला आकडा लिहिला.

चाचा मागे उभे होते. "म्हंजे आता नाई ना चढा लागत मले?"

मी म्हणाले, नाही. फक्त आज संध्याकाळी शेवटचं एकदा चढा, तुमचा थर्मामीटर आणि हा आकडा जुळतात का पाहा, आणि किती फरक आला ते मला फोन करून सांगा.

"आन् फरक नाईच आला त?"

"तरी किती, ते सांगा."